थायलंडमध्ये इंग्लिश शिकवणं, तिथल्या सुट्ट्या आणि आखाजीचं तिकीट

चोपड्याकडच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. तिचं बी.ए. बी.एड. झालंय, विषय इंग्लिश, सध्या तासिका तत्त्वावर ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि थायलंडमधल्या एका शाळेची ऑफर हातात आहे. विचारतेय की ताई, तिथलं रोजचं कसं असतं, सुट्ट्या किती, दिवाळीला घरी येता येतं का, कारण आईचं म्हणणं आहे सणावाराला लेक घरात नसेल तर त्या पैशाला काय करायचं. मी अमळनेर तालुक्यातली. मे २०१६ पासून थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन प्रांतात, सरकारी माध्यमिक शाळेत इंग्लिश शिकवते. त्याआधी सहा वर्षं मीही विनाअनुदानितवर काढलीत, त्यामुळे तू कुठून विचारतेयस ते मला नीट कळतंय.

आईच्या प्रश्नापासूनच सुरू करते. पगार, व्हिसा हे सगळं मागून जमवता येतं, पण सुट्ट्यांचं आधी बघितलं नाही तर पहिल्याच वर्षी रडायची वेळ येते. दिवाळीला दरवर्षी येता येणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र जवळजवळ दरवर्षी येता येईल.

कसं ते सांगते. थाई शाळांचं वर्ष साधारण १६ मेला सुरू होतं. पहिलं सत्र ११ ऑक्टोबरच्या आसपास संपतं, मग तीनेक आठवडे सुट्टी, १ नोव्हेंबरला दुसरं सत्र सुरू, आणि मार्चमध्ये परीक्षा उरकल्या की मेच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी. आता यावर आपलं पंचांग ठेवून बघ. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, बरोबर सुट्टीत. २०२३ ला १२ नोव्हेंबर, म्हणजे शाळा सुरू होऊन अकरा दिवस झालेले. २०२४ ला १ नोव्हेंबर, सत्राचा पहिलाच दिवस. २०२५ ला २१ ऑक्टोबर, परत सुट्टीत. म्हणजे दिवाळी कधी सापडते, कधी हातातून जाते. आणि आखाजी? २०२२ ला ३ मे, २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला १० मे, २०२५ ला ३० एप्रिल. एकदाही सुट्टीच्या बाहेर गेली नाही, कारण अक्षय्य तृतीया पडतेच एप्रिल-मेच्या त्या पट्ट्यात.

पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल, पण आपल्याकडे लेक माहेरी येते ती आखाजीला. दिवाळीला आली तर आनंदच, पण आखाजीला नाही आली तर गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून विचारतात. निंबाला झोका बांधलेला असतो, गौराई बसलेली असते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो, घागर भरून पितरांना आगारी टाकलेली असते. २०१६ मध्ये मी हे सगळं कॅलेंडर वहीत लिहून आईसमोर ठेवलं होतं, पगाराचा आकडा सांगून तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता, पण हे बघितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आखाजीले येशी ना? मंग जाय."

तर तुझ्या आईला पण हेच दाखव. आणि दाखवायच्या आधी ऑफर लेटरमध्ये एक गोष्ट तपास, ती म्हणजे करार किती महिन्यांचा आहे. इथं बारा महिन्यांचे करार असतात तसेच दहा आणि अकरा महिन्यांचेही असतात, विशेषतः एजन्सीमार्फत गेलं तर. दहा महिन्यांचा करार म्हणजे मोठी सुट्टी आहे पण त्या सुट्टीचा पगार नाही. माझा पहिला करार तसाच होता आणि मला ते समजलंच नव्हतं. एजंट फोनवर म्हणाला "लाँग हॉलिडे मिळते मॅडम", मी खुश झाले, आणि मार्चअखेरीला कळलं की एप्रिल आणि मेचे पैसे येणार नाहीत. तिकीट काढलेलं, घरी सगळ्यांना काहीतरी न्यायचं, खोलीचं भाडं तर दोन्ही महिने चालूच. त्या वर्षी मी आखाजीला आले पण जाताना भावाकडून पैसे घेऊन परत गेले, ती गोष्ट मला अजून लागते. म्हणून स्पष्ट विचार, आणि लेखी मागून घे, की पगार बारा महिने मिळणार का, मार्च-एप्रिलमध्ये समर कॅम्प घ्यावा लागेल का, लागला तर किती आठवडे, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत शाळेत सही करायला यावं लागेल का. या शेवटच्याकडे लोक लक्षच देत नाहीत. मुलांना सुट्टी असते पण बऱ्याच शाळा परदेशी शिक्षकांना निम्मी सुट्टी शाळेत बसवून ठेवतात, वर्ग नसतो, नुसतं स्टाफरूममध्ये बसायचं, आणि त्या नादात सापडलेली दिवाळीसुद्धा जाते.

दुसरी गोष्ट री-एंट्री परमिट. हे नीट वाच. तू नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसावर, येशील, मग वर्क परमिट होईल, मग एक वर्षाचा मुक्काम वाढवून मिळेल, त्याची फी १,९०० बाट (बाट म्हणजे तिथलं चलन). तो शिक्का पासपोर्टवर असला तरी री-एंट्री परमिट न काढता देशाबाहेर पडलीस तर तो मुक्काम तिथंच रद्द होतो, परत येताना सगळं पहिल्यापासून. एका वेळेचं परमिट १,००० बाट, वर्षभर कितीही वेळा जायचं असेल तर ३,८००. माझ्यासोबतची एक फिलिपिनो शिक्षिका वडील आजारी म्हणून रात्रीतून निघून गेली, घाईत तिच्या लक्षातच आलं नाही, परत आल्यावर पुन्हा सगळी कागदपत्रं गोळा करत फिरली. मी तेव्हापासून मुक्काम वाढवला की त्याच दिवशी त्याच ऑफिसात वर्षभराचं परमिट घेऊन टाकते. घरून कधी फोन येईल सांगता येत नाही, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, त्याला पैसे लागत नाहीत, मोबाईलमध्ये गजर लावून ठेवायचा.

अंतराची काळजी आईला असेल तर सांग, मुंबईहून बँकॉक विमानानं चार-साडेचार तास, आणि मुंबईहून जळगाव ट्रेननं सात तास. घड्याळ फक्त दीड तास पुढे. खोन केन बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटरवर, म्हणजे आपण मुंबईपासून जेवढे लांब साधारण तेवढंच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मात्र काहीच उपाय चालला नाही, विमानं बंद, दोन आखाज्या मी इथल्या खोलीत काढल्या. २०२० ला तर शाळाही मेऐवजी १ जुलैला उघडली. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं आपल्याकडे मार्च २०२२ च्या शेवटी परत सुरू झाली आणि ३ मेच्या आखाजीला मी अंगणात होते.

आता रोजचं. सकाळी साडेसातला गेटवर ड्युटी असते, आठवड्यातून एकदा तरी. मुलं येतात, हात जोडून किंचित वाकतात, तुम्हीही मान हलवून उत्तर द्यायचं. आठ वाजता राष्ट्रगीत, ते शाळेतच नाही तर बाजारात, बसस्टँडवरही लागतं, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, आणि लोक आहेत तिथं थांबतात. मग प्रार्थना, मग ५० मिनिटांचे तास. मला आठवड्याला २० तास आहेत, एका वर्गात ४०-४५ मुलं, म्हणजे त्या बाबतीत अमळनेरची सवय उपयोगी पडली. पहिल्या आठवड्यात वेळापत्रक हातात आलं तेव्हा गंमत वाटली, प्राथमिकला म्हणतात प्रथोम, माध्यमिकला मथ्थयोम, भाषेला फासा, शाळांच्या नावात वित्थयालय, आणि शिक्षकाला ख्रू, म्हणजे आपला गुरूच. वारसुद्धा तेच, रविवार आथित, सोमवार चान, बुधवार फुत. लिपी परकी, आवाज चढउताराचा, पण आत हात घातला की ओळखीचं काहीतरी लागतं.

आणि यापेक्षाही जवळची ओळख मला वर्गात लागली. हा जो ईशान्य भाग, त्याला इसान म्हणतात, तिथली मुलं घरी थाई बोलत नाहीत, इसान बोलतात, जी लाओच्या जवळची आहे. शाळेत आली की थाई, आणि तिसरी इंग्लिश. बँकॉकची माणसं त्यांच्या बोलण्याला गावंढळ समजतात आणि मुलांना ते माहीत असतं. मी आहिराणी घरातली. चौथी-पाचवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते कारण तोंडातून "काय करी राह्यनी" निघायचं आणि सगळे हसायचे. त्यामुळे मागच्या बाकावर गप्प बसलेलं पोरगं इंग्लिश येत नाही म्हणून गप्प आहे की कुठल्याच भाषेत बोलायला घाबरतंय, हे मला बघून कळतं. मी इसानचे पंचवीस-तीस शब्द शिकून घेतले, तासाच्या सुरुवातीला त्यांना इसानमध्येच विचारते जेवलात का, आणि मग तेच इंग्लिशमध्ये. बीएडच्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. पण मला विचारशील तर खान्देशातली शिक्षिका इथं शहरातल्या कॉन्व्हेंटवालीपेक्षा कमी पडत नाही ते यामुळेच.

शिकवायला अवघड काय, तर शब्दाचा शेवट. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी स येत नाही, ल येत नाही. त्यामुळे बस म्हणायचं तर बट होतं, फुटबॉलचं फुटबॉन. अनेकवचनाचा शेवटचा स ऐकूच येत नाही आणि नवीन शिक्षकाला वाटतं यांना व्याकरण येत नाही. येत असतं, आवाज निघत नसतो. मी त्यांना तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरायला लावते, शेवटचा स म्हटला की पट्टी हलली पाहिजे. चाळीस पोरं एकदम पट्ट्या हलवायला लागली की शेजारच्या वर्गातली शिक्षिका बघायला येते. क्रियापदाचं रूपही त्यांच्याकडे काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे काल, आज, उद्या हे शब्द पक्के केल्याशिवाय भूतकाळ शिकवायला घेऊ नकोस, मी पहिलं वर्ष त्यात वाया घालवलं.

आता सण. जूनमधल्या एका गुरुवारी शाळेत वाय ख्रू होतो, गुरूला वंदन करायचा दिवस. गुरुवार तिथंही गुरूचाच वार. प्रत्येक वर्गाची मुलं फुलांचं तबक घेऊन येतात, गुडघ्यावर बसून शिक्षकांच्या हातात देतात. माझ्या पहिल्या वर्षी, शाळेत येऊन महिनाही झाला नव्हता, मला काही माहीत नव्हतं, मी ओळीत खुर्चीवर बसलेले. एका मुलीनं तबक हातात दिलं आणि मी खाली बघितलं तर त्यात दूर्वा. आपल्या गणपतीच्या दूर्वा, तीच हरळी. तिच्या शेजारी एक्झोराचे लाल गुच्छ. आणि त्यांच्यामध्ये वांग्याचं फूल, जांभळं, मधे पिवळं, देठाला काटे. मला वाटलं चुकून आलं असेल. मग थाई शिक्षिकेनं समजावलं, दूर्वा जमिनीवर पसरते, तुडवली तरी मरत नाही, तशी मुलाची चिकाटी असावी. एक्झोराची कळी सुईसारखी टोकदार, तशी बुद्धी. आणि वांग्याचं फूल कायम खाली वाकलेलं असतं, तशी नम्रता. ज्या भागात हिवाळाभर भरीत खातात तिथली मी, शेतात वांग्याची झाडं बघत मोठी झाले, ते फूल खाली वाकलेलं असतं हे कधी डोळ्यांना दिसलंच नव्हतं. त्या सुट्टीत घरी आल्यावर बांधावर जाऊन बघितलं. खरंच वाकलेलं असतं.

भरिताचं निघालंच आहे तर जेवणाचं इथंच सांगते. शाकाहारी असशील तर त्रास होईल, खोटं कशाला सांगू. इसानमध्ये भाजीतसुद्धा माशाचं पाणी आणि आंबवलेला मासा पडतो. किन जे हे दोन शब्द पाठ कर, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, तिथं मांस-मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो. वर्षातून नऊ दिवस त्यांचा शाकाहारी सण येतो आणि बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच पडतो, २०२४ ला तर दोन्ही ३ ऑक्टोबरलाच बसले, तेव्हा गल्लीगल्लीत खायला मिळतं. एरवी घरी बनव. इथं वांगी भरपूर, आपल्या बामणोदसारखं मोठं नाही मिळत पण लांब हिरवं मिळतं, कोळशाच्या शेगडीवर खरपूस भाजतं. भरीत कुटायची बडगी इथं कुठून आणणार, पण कच्च्या पपईची कोशिंबीर, सोम तम, कुटायचा मातीचा मोठा खल आणि लाकडी दांडा प्रत्येक घरात असतो, त्यात हिरवी मिरची, लसूण, मीठ आधी, मग वांगं, मग भाजलेले दाणे आणि कांद्याची पात. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वास येत नाही, बाकी सगळं जमतं. घरमालकीण चिकट भात हातानं खाते, मी भाकरी हातानं खाते, दोघी एका चटईवर बसून खातो. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मी दरवर्षी आखाजीहून परतताना पाच किलो आणते, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर दिवाळीपर्यंत जातं.

१२ ऑगस्टला त्यांचा मातृदिन. आदल्या दिवशी शाळेत आयांना बोलावतात, हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवतात आणि मुलं गुडघ्यावर येऊन पायाशी मोगऱ्याची फुलं ठेवतात. पण इसानमधले निम्मे आईबाप बँकॉकला कारखान्यात नाहीतर बांधकामावर, जसे आपल्याकडचे सुरतेला जातात, त्यामुळे बऱ्याच खुर्च्यांवर आज्या बसलेल्या असतात. काही खुर्च्या रिकाम्या. माझ्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या वर्षी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ख्रू, तुम्ही बसाल का. बसले. हा दिवस सुट्टीच्या यादीत नुसता एक सुट्टी म्हणून दिसेल तुला, त्याच्या आदल्या दिवशी रजा टाकू नकोस एवढंच सांगते.

माझ्या पहिल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर २०१६ ला, राजे भूमिबोल गेले. वर्षभराचा दुखवटा. मी आईनं शिवलेले रंगीत पंजाबी ड्रेस घेऊन आले होते, ते सगळे पेटीत गेले आणि बाजारातून काळे-पांढरे कपडे घेतले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला अंत्यविधी होईपर्यंत तेच. त्या दिवाळीला काळा ड्रेस घालून शाळेत गेले तेव्हा कसंतरी झालं. पण त्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं असाच तो काळ होता, आणि तिथं राहायचं तर दुखवट्यातही सोबत राहायचं, नुसत्या सुट्ट्या आपल्या म्हणायच्या असं चालत नाही.

दिवाळी हुकली तर काय करायचं, त्याचं उत्तर मला लॉय क्राथोंगमध्ये मिळालं. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला ते नदी-तळ्यात दिवे सोडतात, आणि ती पौर्णिमा म्हणजे बहुतेक वेळा आपली त्रिपुरी पौर्णिमाच. तू चोपड्याची, केळीच्या पट्ट्यातली, तुला यातलं एक आवडेल. दिवा ठेवायचं जे तरंगतं आसन, ते केळीच्या खोडाच्या चकतीचं करतात, बोटभर जाड, भोवती केळीच्या पानाच्या टोकदार घड्या टाचणीनं टोचायच्या, मधे फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. आपल्याकडे घड उतरला की खोड बांधावर पडून सडतं, इथं त्या दिवशी बाजारात चकत्या विकायला येतात. शाळेत तास बंद ठेवून सगळी मुलं तेच करत बसतात. माझ्या घड्या आता मुलींपेक्षा सुबक येतात. २०२३ ची दिवाळी शाळेत गेली, पण पंधरा दिवसांनी तळ्याच्या काठावर शेकडो दिवे होते आणि मी घरी व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवले, ती म्हणाली आमच्या बोरी नदीत पण आज सोडलेत.

एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रान, म्हणजे संक्रांत शब्दच, सूर्य मेषेत जातो तेव्हाचं त्यांचं नवीन वर्ष. टीव्हीवर पिचकाऱ्या दिसतात, पण गावात सकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर सुगंधी पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात, ते बघण्यासारखं. मी बहुतेक १६ एप्रिलचं तिकीट काढते, घरमालकिणीच्या आईच्या हातावर पाणी घालून निघायचं आणि आखाजीला घरी. विमानतळावर सोंगक्रानच्या आधी प्रचंड गर्दी आणि तिकीटही महाग, नंतर उतरतं.

आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचा सण मात्र कधीच सापडत नाही. नागपंचमीनंतरचा श्रावणातला रविवार, सत्राचा ऐन मध्य, आणि सोमवारी विसर्जन. रविवारपुरतं येऊन जाणं होत नाही. आमच्याकडे तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, सगळे भाऊबंद एकत्र बसून तेच रोट खातात. तीन वर्षांपूर्वी आई गहू मोजत होती, मी फोनवर बघत होते, वडिलांनी मधेच सांगितलं, तिच्या नावाची पण घे, घर तीच चालवते आता. आईनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि सव्वा मूठ वेगळी टाकली. तेव्हापासून दरवर्षी टाकते. मी त्या रविवारी इथं गव्हाची पोळी आणि खीर करते, दुसरं काही करता येत नाही. तुलाही काही सण सोडावे लागतील, कुठला ते आधीच ठरवून ठेव, म्हणजे दर महिन्याला नव्यानं जीव जळत नाही.

पैशाचं थोडक्यात. मला पहिल्या वर्षी २२,००० बाट मिळायचे, तेव्हा बाट दोन रुपयांच्या आतबाहेर होता, आता अडीचच्या पुढे आहे. खोलीभाडं ३,५०० आणि वीज वेगळी. त्याच शाळेत ब्रिटिश शिक्षकाला ३५,००० होते, काम तेच, तास तेवढेच. हा फरक पासपोर्टचा आहे, तुझ्या शिकवण्याचा नाही, आणि तो अन्याय आहे हे मी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलंय. तिसऱ्या वर्षी पगार वाढवून घेतला तो मुलांचे निकाल समोर ठेवून. तूही निकालांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव.

कागदपत्रांसाठी तीन-चार महिने धर. इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांना टोइक या इंग्लिशच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० लागतात, तुला सहज पडतील पण तारीख लवकर घे. पासपोर्ट ऑफिसकडून पोलीस क्लिअरन्स, पदवीचं अटेस्टेशन. तुझ्या किंवा तुझ्या ओळखीत कोणाच्या डिग्रीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं जुनं नाव असेल तर २०१८ मध्ये ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं हे दाखवणारा कागद सोबत ठेव, इथल्या क्लार्कला दोन वेगळी विद्यापीठं वाटतात. बी.एड. आहे ही तुझी मोठी जमेची बाजू, शिक्षक परिषदेच्या लायसन्ससाठी ज्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही ते तात्पुरत्या परवानगीवर वर्षं काढतात. आणि कोणी म्हणालं टुरिस्ट म्हणून या, व्हिसा इथं आल्यावर करू, तर तो माणूस कितीही गोड बोलत असला तरी फोन ठेवून दे, तसं शिकवणं बेकायदा आहे आणि पकडली गेलीस तर शाळा हात वर करते.

ऑफरमध्ये जॉइनिंग कधीचं आहे ते तू लिहिलं नाहीस. निवड करता येत असेल तर मेचं माग, सत्र तेव्हाच सुरू होतं आणि नवीन शिक्षकाला वर्ग पहिल्या दिवसापासून मिळतो. आणि तारीख अशी घे की घागर भरून, झोक्यावर बसून, रस खाऊन मग निघशील.